राउंड नाइफ: दगडाचं काम आणि पट्ट्याचं काम

चामड्याचं काम नव्यानं शिकणाऱ्यांच्या दोन तक्रारी ठरलेल्या असतात. एकाचं म्हणणं, ‘पट्ट्यावर कितीही फिरवला तरी राउंड नाइफ कापत नाही.’ दुसऱ्याचं, ‘सारखा दगडावर घासतो, तरी धार टिकत नाही.’ पहिल्याला गरज असते दगडाची आणि दुसऱ्याला पट्ट्याची. दोघांचाही समज असा, की दगड आणि स्ट्रॉप, म्हणजे चामड्याचा पट्टा, ही एकाच कामाची जाड आणि बारीक रूपं. हाताशी असेल ते वापरावं. चाकू स्वस्तातला असेल तर हा समज जास्तच नडतो, कारण असे चाकू बहुधा ढोबळ धार काढूनच विकले जातात. कामाची धार घरी आणल्यावर आपणच घडवायची असते.

आधी चाकू पाहू. अर्धचंद्रासारखं पातं, बाहेरच्या पूर्ण कमानीला धार आणि पाठीच्या बरोबर मध्यावर मूठ. इजिप्तमधल्या रेखमिरे या वजिराच्या थडग्यात, इसवी सनापूर्वी १५व्या शतकातल्या भित्तिचित्रांत, चामड्याचे कारागीर असाच अर्धचंद्री चाकू चालवताना दिसतात. हा आकार इतका टिकला तो उगीच नाही. हाताचा जोर मुठीतून सरळ धारेवर उतरतो, त्यामुळे जाड चामडंही रेटून कापता येतं. कमान डोलवत नेली की सरळ काप निघतो, टोक टेकवून फिरवलं की छोटं वळण निघतं आणि पातं आडवं धरलं की चामड्याच्या कडा सोलून पातळ करता येतात. गोम अशी, की एका वेळी धारेचा थोडासाच भाग चामड्याला लागतो आणि प्रत्येक हाताचा आवडता भाग ठरून गेलेला असतो. कमानीचा एक तुकडा बोथट होतो तेव्हा दुसरं टोक अजून नव्यासारखं असतं. धार कुठे गेली आहे हे न बघता सगळी कमान सारखी घासत बसलात, तर चांगलं पोलाद फुकट जातं.

आता मूळ फरक. दगड कडक असतो. पातं ज्या कोनात धराल त्या कोनात तो पोलाद खातो, म्हणून धारेला आकार देणं हे त्याचं काम. पट्टा दबतो. पातं टेकलं की त्याचं चामडं किंचित खाली जातं आणि धार पुढे सरकली की मागून पुन्हा वर येतं. त्यामुळे तो आहे त्या आकाराच्या मागून जातो, नवा आकार घडवू शकत नाही. ‘पट्टा धातू काढतच नाही’ असं काही जण ठासून सांगतात, ते मात्र खरं नाही. पट्ट्याला हिरवी पेस्ट चोळली की त्यातले क्रोमियम ऑक्साइडचे कण पोलाद घासतात. पट्ट्यावर उमटणारे काळे ओरखडे त्याच पोलादाचे. पण हे कण साधारण अर्ध्या मायक्रॉनचे असतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ग्रिट म्हणजे दगडाच्या बारीकपणाचा आकडा, आकडा मोठा तितके कण बारीक. जपानी मोजणीच्या १००० ग्रिटच्या दगडातले कण १२ ते १५ मायक्रॉनच्या आसपास. जे काम दगडावर पाच मिनिटांचं, ते पट्ट्यावर दिवसभरातही व्हायचं नाही, आणि होईपर्यंत धारेचं टोक गोलसर होऊन बसेल.

हे गोलसर होणं नीट समजून घ्यायला हवं, कारण पहिल्या तक्रारीचं उत्तर तिथेच आहे. धार म्हणजे दोन उतार जिथे मिळतात ती रेघ. पट्टा दबून धारेला थोडी मिठी मारतो, म्हणजे अगदी टोकाशी घासण्याचा कोन तुम्ही धरलेल्या कोनापेक्षा जरा मोठा पडतो. दहा-पंधरा हातांत त्याचा फायदाच होतो: टोकाशी वाकलेला, थकलेला धातू साफ होतो आणि चाकू पुन्हा सळसळून कापू लागतो. पण तेच महिनोन्‌महिने केलं की टोक हळूहळू बोजड होत जातं. उतार आरशासारखे चमकतात, केस भादरण्याइतकी धार असल्याचा भासही होतो, आणि चाकू चामड्यात मात्र अडतो. चमक बघून धार ओळखू नये. जुन्या न्हाव्यांना हा हिशेब पक्का ठाऊक असे: वस्तरा प्रत्येक दाढीआधी पट्ट्यावर, दगडावर मात्र कधीतरीच.

मग आज दगड की पट्टा, हे ओळखायचं कसं? व्हेज-टॅन, म्हणजे झाडांच्या टॅनिननं कमावलेल्या, चामड्याचा दोनेक मिलिमीटर जाडीचा तुकडा घ्या आणि जोर न लावता चाकू पुढे ढकला. कापलेला काठ गुळगुळीत, किंचित चकाकता असेल तर काहीच करू नका. काठावर तंतू दिसत असतील, हाताला ओढ जाणवत असेल, तर पट्टा. पट्ट्यावरून दहा-पंधरा वेळा नेऊनही फरक पडला नाही, किंवा पडला पण थोड्याच कापांत पुन्हा गेला, तर पट्ट्याची हद्द संपली, दगड काढा. आणखी एक खूण म्हणजे धार दिव्याकडे करून वरून पाहणं. खरी धार प्रकाश परत फेकत नाही, ती दिसतच नाही. जिथे बारीक चमकती रेघ किंवा ठिपके दिसतात तिथे ती बोथट झाली आहे किंवा तुटली आहे. कमानीचा नेमका कोणता भाग दगडाला लावायचा हेही त्यातूनच कळतं.

दुसरी तक्रार उलट टोकाची. जरा ओढ जाणवली की लगेच दगड काढणाऱ्याचा चाकू कापतो खरा, पण प्रत्येक वेळी दगड नवी खरबरीत कड तयार करतो आणि तिच्या टोकाला धातूची अतिसूक्ष्म सुटी किनार राहते, कारखान्यात जिला बर म्हणतात ती. पट्ट्यावर न नेता तसाच चाकू वापरला की ती किनार पहिल्या काही कापांत दुमडते किंवा तुटते आणि धार गेल्यासारखी वाटते. ‘टिकत नाही’ म्हणतात ती धार नव्हेच, ती बर. शिवाय सारखं दगडावर नेल्यानं कमानीचा घेर झिजतो, मधे सपाट जागा तयार होतात, आणि राउंड नाइफमधला राउंडच निघून जातो. सपाट जागा पडलेला चाकू डोलवताना अडखळतो. ती कमान परत आणणं हे सगळ्यात किचकट काम.

राउंड नाइफ दगडावर नेणं सरळ चाकूपेक्षा अवघड आहे, आणि त्याचं पहिलं कारण कमान नसून मूठ आहे. मूठ पात्याच्या सरळ रेषेत असते आणि पात्यापेक्षा खूप जाड असते. दगड टेबलावर ठेवला तर कोन बारीक करायच्या आतच मूठ टेबलाला आपटते. म्हणून दगड एखाद्या लाकडी ठोकळ्यावर उंच करून टेबलाच्या काठाशी ठेवा, म्हणजे मूठ बाहेर मोकळी राहील. चामड्यासाठी प्रत्येक बाजूला १२ ते १५ अंशांचा कोन पुरतो. कोनमापक घेऊन बसायची गरज नाही. उतारावर मार्कर पेननं रंग भरा, दगडावर एक-दोन हात मारा आणि पाहा. रंग फक्त टोकाशी गेला असेल तर कोन जास्त आहे, फक्त मागच्या बाजूला गेला असेल तर कमी. पूर्ण उतारावरून गेला तर बरोबर.

कमानीसाठी पातं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फिरवत न्यायचं, म्हणजे दगडाला टेकणारा भाग सतत बदलत राहतो आणि कोन तोच राहतो. सांगायला सोपं, करायला नाही. नव्या माणसाला माझा सल्ला उलटा असतो: चाकू पक्का बसवा आणि दगड हलवा. मूठ शिकंज्यात धरा, पातं लाकडाच्या ठोकळ्यावर टेकवा आणि हातात मावेल असा छोटा दगड कमानीवरून लहान गोल फेऱ्यांत न्या. कुऱ्हाडीला धार अशीच लावतात. डोळ्यांना उतार समोर दिसतो, त्यामुळे चूक लगेच कळते. बोटं मात्र दगडाच्या घासणाऱ्या पृष्ठभागाच्या मागेच ठेवा, आणि काप न लागणारा हातमोजा घाला.

एका बाजूला घासत राहिलं की दुसऱ्या बाजूला बर येते. बोट धारेच्या काटकोनात, आतून बाहेर हलकेच फिरवलं की ती लागते. पूर्ण कमानीवर अखंड लागेपर्यंत बाजू बदलू नका. बहुतेकांचं काम इथेच कच्चं राहतं. मग दुसऱ्या बाजूनं तेच. नंतर दाब कमी करत बाजू आलटूनपालटून घ्या आणि बारीक दगडावर जा. धार तुटलेली असेल तरच ४०० ग्रिट, रोजचं काम १००० वर आणि शेवट ३००० किंवा ४००० वर. ८००० चा दगड ही हौस आहे. तो पैसा चांगल्या १००० वर घाला. काचेवर चिकटवलेला वॉटर पेपर, म्हणजे ओला करून वापरायचा घासकागद, तोही चालतो, फक्त आकड्यांची गफलत टाळा: पी-१००० कागदातले कण १८ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे त्याच आकड्याच्या जपानी दगडापेक्षा जाड.

शेवटची बर काढायची ती पट्ट्यावर. पट्टा सपाट लाकडावर घट्ट चिकटवलेला असावा. मऊ, लोंबता, जाड चामड्याचा नको, कारण जितका मऊ तितकी धारेला मिठी मोठी. दगडावर धार पुढे करून ढकलली तरी चालतं. पट्ट्यावर कधीही नाही. तिथे धार मागे ठेवून ओढायची, नाहीतर पट्टाच कापला जाईल. हात संपवताना मनगट वर उचलण्याची खोड घालवा. ओढ संपली की आधी थांबा, मग चाकू सरळ वर घ्या.

आता खरेदी. स्वस्त चाकूकडे बघताना मी एकच प्रश्न विचारतो: यातलं जे वाईट आहे ते दगड आणि पट्टा सुधारू शकतील का? धार नसणं, उतार ओबडधोबड असणं, पात्यावर ओरखडे असणं, वरवरचा गंज असणं, हे सगळं सुधारतं, तेव्हा त्यावरून चाकू नाकारू नका. पोलाद मऊ असणं सुधारत नाही. चांगल्या चाकूचं पोलाद रॉकवेल सी या कडकपणाच्या मापावर ५८ ते ६२ च्या दरम्यान असतं. घरात हे मोजता येत नाही, पण जुनी चांगली कानस हाताशी असेल तर पाठीच्या कोपऱ्यावर हलकी घासून पाहा: घसरली तर पातं कडक, लोण्यासारखी रुतली तर घरी नेऊन उपयोग नाही. काही पात्यांची पाठ मुद्दाम मऊ ठेवलेली असते, म्हणून जमेल तितकं धारेच्या जवळ बघा. साधं कार्बन पोलाद नवशिक्याला सगळ्यात बरं. गंजतं, पण दगडावर लवकर वळतं. डी२ जातीचं पोलाद धार जास्त टिकवतं आणि दगडावर तितकंच रडवतं. नक्षीदार ‘दमास्कस’ स्वस्तात मिळत असेल तर मी हात जोडतो. नक्षी दिसते, पोलाद कोणतं ते दिसत नाही.

दुसरी न सुधारणारी गोष्ट म्हणजे करपलेली धार. विजेच्या चाकावर घासताना पातळ कड क्षणात तापते. धारेजवळ निळसर छटा दिसली तर तिथलं साधं कार्बन पोलाद ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास गेलं आणि त्याचा कडकपणा उतरला. तेवढा भाग घासून काढण्याखेरीज इलाज नाही. नवा चाकू चाकावर नेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं.

तिसरी गोष्ट सुधारते, पण घाम काढते: जाडी. स्वस्त पातं धारेच्या मागे लगेच जाड होतं. टोक कितीही तीक्ष्ण केलं तरी तीन-चार मिलिमीटर चामड्यात ते पाचरीसारखं अडकतं. अशा वेळी लोक आणखी धार लावत बसतात. दोष तीक्ष्णतेचा नसतोच. भरड दगडावर उतार मागे नेत पातं पातळ करावं लागतं, आणि त्यात एखादी अख्खी दुपार जाते. म्हणून दोन चाकूंत निवडायचं झालं तर मुठीची पॉलिश विसरा आणि पातळ पातं उचला. रुंदी दहा सेंटिमीटरच्या आसपास असली तर कमान आवाक्यात राहते. मूठ पात्याच्या मध्याशी सरळ आहे ना आणि हलत नाही ना, एवढं पाहा. जुना वापरलेला चाकू मिळाला तर गंजाचे खड्डे धारेपर्यंत पोचलेत का तेही पाहा. तिथे धार कायम तुटत राहते.

दगड किंवा पट्टा झाल्यावर पातं आणि हात दोन्ही स्वच्छ पुसा. पोलादाचा काळा गाळ ओलसर व्हेज-टॅन चामड्याला लागला की त्यातल्या टॅनिनशी लोहाची क्रिया होऊन निळे-काळे डाग पडतात, आणि ते सहजी निघत नाहीत. त्याच कारणानं कार्बन पोलादाचा चाकू व्हेज-टॅनच्या म्यानात फार दिवस ठेवू नका, पातं गंजतं. धारेवर प्लॅस्टिकची उभी चिरलेली नळी चढवली आणि पात्याला तेलाचा हात दिला तरी पुरतं.