काणकोणच्या आडवाटा आणि नद्या

गोव्याच्या दक्षिण टोकाला, काणकोण तालुक्यात, रान, वाडे आणि नदीमुखे यांना जोडणारे अरुंद रस्ते व त्यांवरची भटकंती. येथे सह्याद्री समुद्राला जवळजवळ खेटतो. त्यामुळे नद्या आखूड आहेत. सकाळी डोंगरात पाहिलेल्या नदीचे मुख दुपारच्या ओहोटीला गाठता येते. काणकोण पाहायचे तर नदीच्या काठाने पाहावे. नुसत्या किनाऱ्यावरून त्याची ओळख अर्धीच होते.

तळपण ही तालुक्यातली मोठी नदी. तिचे पाणी खोतीगाव अभयारण्याच्या (स्थापना १९६८) बाजूने उतरते. वरच्या अंगाला कुळागरे, म्हणजे पोफळीच्या मिश्र बागा : पोफळीवर चढलेली मिरवेल, मधून खळाळणारा पाट, भर उन्हातही ओली सावली. खाली पाणी मचूळ होते, खारफुटी सुरू होते. ओहोटीला बायका कमरेइतक्या पाण्यात उभ्या राहून पायाने चिखल चाचपतात, तिसऱ्या (खाण्याचे शिंपले) लागल्या की वाकून वेचतात. पर्तगाळचा मठ, म्हणजे गौड सारस्वतांचा वैष्णव मठ, कुशावतीच्या काठी आहे. ही कुशावती आणि सांगे तालुक्यातल्या पणसायमळच्या कातळशिल्पांजवळची कुशावती या निराळ्या नद्या, नावामुळे मात्र घोटाळा होतो.

नदी आखूड म्हणजे पूरही झपाट्याने येतो. २ ऑक्टोबर २००९ रोजी काही तासांच्या अतिवृष्टीने तालुक्यात हाहाकार उडाला, घरे कोसळली. पावसाळ्यात ओहळ ओलांडण्याआधी गावकऱ्याला विचारावे, आणि तो थांब म्हणाला तर थांबावे.

दक्षिणेला गालजीबागची छोटी नदी. तिच्या मुखाशी सुरूची बने आणि ऑलिव्ह रिडले कासवांची वीण होणारी पुळण आहे. अंडी घातलेल्या जागेभोवती वनखाते कुंपण घालते. पिल्ले बहुधा रात्री निघतात आणि उजेडाकडे वळतात. समुद्राऐवजी दिव्याकडे गेलेले पिल्लू वाचणे कठीण. विणीच्या हंगामात रात्री येथे बॅटरी मुळीच लावू नये.

उत्तरेकडून येताना राष्ट्रीय महामार्ग ६६ करमल घाटातून उतरतो. त्याऐवजी बेतुलहून काब द राम किल्ला, खोला, आगोंद असा किनाऱ्यालगतचा रस्ता धरावा. वळणे फार, वेळही अधिक लागतो. पण खोल्याच्या उतारांवर पावसाच्या पाण्यावर पिकणारी, भौगोलिक मानांकन मिळालेली मिरची याच वाटेवर भेटते. पावसाळा सरला की ती अंगणात वाळत घातलेली दिसते, आणि तिचा लालभडक रंग रस्त्यावरूनच नजरेत भरतो.