पेस्ट कंट्रोलवाल्याला पैसे कशाचे द्यायचे?

बहुतेक शाळांत आणि पाळणाघरांत कीटकनियंत्रणाचं कंत्राट एका ओळीत संपतं: वर्षातून अमुक वेळा फवारणी. शनिवारी मुलं घरी गेली की पंप घेतलेला माणूस येतो, भिंतींच्या कडेनं आणि मोऱ्यांत औषध मारतो, सही घेतो आणि जातो. झुरळं आहेत का, असली तर कुठे आहेत, कुठून आली, हे बघण्याचे पैसे त्याला कोणी दिलेलेच नसतात. सोमवारी वर्गात उग्र वास येतो आणि काम चोख झालं असं सगळे धरून चालतात.

त्या वासाचा त्रास मोठ्या माणसाला होतो त्याहून लहान मुलाला का जास्त होतो, हे समजून घेतलं पाहिजे. वर्षभराचं मूल वजनाच्या मानानं प्रौढाच्या जवळपास दुप्पट हवा श्वासातून घेतं. ते रांगतं, म्हणजे फवारलेल्या फरशीपासून वीतभर अंतरावर श्वास घेतं आणि फरशीला टेकलेला हात दिवसभर तोंडात घालतं. काही कीटकनाशकांचं विष निष्प्रभ करणारी विकरं, म्हणजे एन्झाइम, त्याच्या शरीरात अजून पुरेशी तयार झालेली नसतात. १९९८ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. रिकाम्या सदनिकांत क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक फवारलं आणि नंतर आत खेळणी ठेवली. फवारणीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हवेतलं औषध त्या खेळण्यांवर बसत राहिलं. खोली मोकळी ठेवली, वास गेला, आता मुलांना आत सोडायला हरकत नाही, हा आपला हिशेब इथे चुकतो. अमेरिकेनं २००० सालापासून या रसायनाचा घरगुती वापर टप्प्याटप्प्यानं बंद केला. आपल्याकडे वाळवीच्या औषधांत ते नाव ओळखीचं आहे.

म्हणून झुरळं राहू द्यायची का? मुळीच नाही. १९९७ साली अमेरिकेतल्या मोठ्या शहरांच्या गरीब वस्त्यांतल्या दम्याच्या ४७६ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना झुरळांची ॲलर्जी होती आणि ज्यांच्या झोपायच्या खोलीत झुरळांचे अंशही भरपूर होते, त्या मुलांना रुग्णालयात भरती करण्याचं प्रमाण इतरांच्या तिपटीहून जास्त होतं. झुरळाची विष्ठा, लाळ, गळलेली कात हे सगळं धुळीत मिसळून श्वासात जातं. झुरळ घालवायलाच हवं. प्रश्न आहे तो कसं घालवायचं, याचा.

स्वयंपाकघरातलं लहान, तपकिरी, पाठीवर दोन गडद पट्टे असलेलं झुरळ बघा. मादी तीसचाळीस अंड्यांची कुपी पोटाला लावून पिल्लं बाहेर पडायच्या सुमारापर्यंत फिरते. फवाऱ्याचं औषध त्या कुपीच्या आत सहसा पोचत नाही. त्यातून ही जात दिवसाचा बहुतेक वेळ ओट्यामागच्या फटीत, फ्रीजच्या मोटरपाशी, कपाटाच्या बिजागरीत दाटीवाटीनं बसून असते आणि फवारणी होते मोकळ्या भिंतीवर. नेहमीच्या औषधांच्या वासानं झुरळं बिचकतात आणि शेजारच्या खोलीत पसरतात. जी तगतात त्यांच्या पुढच्या पिढ्यांवर ते औषध चालेनासं होतं.

याउलट जेलचं आमिष मुगाच्या दाण्याएवढ्या थेंबांनी नेमक्या त्या फटीतच लावतात. झुरळ ते खातं, बिळात जाऊन मरतं. त्याची विष्ठा आणि मेलेलं झुरळ पिल्लं खातात आणि तीही मरतात. हवेत जवळजवळ काही जात नाही, फरशीवर काही पडत नाही. मात्र जेल लावल्यावर त्याच जागी फवारा मारला तर झुरळं आमिषाला तोंड लावत नाहीत. ‘दोन्ही करून टाका’ असं सांगणारे मुख्याध्यापक दोन्हींचे पैसे वाया घालवतात.

जेल नेमकं कुठे लावायचं हे कळायला आधी पाहणी हवी. रात्री चिकट कागदाचे सापळे ओट्याखाली, नळापाशी, कोठीत ठेवायचे आणि सकाळी कशावर किती झुरळं आहेत ते वहीत लिहायचं. जिथे जास्त सापडतात तिथे बहुधा गळका नळ असतो, नाहीतर पुठ्ठ्याच्या खोक्यांची चळत. नळाचा वॉशर बदलणं आणि खोकी हलवणं हेसुद्धा कीटकनियंत्रणच आहे.

उंदरांचंही तेच. सहा मिलिमीटरच्या फटीतून लहान उंदीर सहज आत येतो, म्हणजे ज्या दाराखालून पेन्सिल सरकते ते दार त्याला उघडंच आहे. दाराला खाली रबरी पट्टी, पाइपाभोवतीच्या भोकात तारेची घासणी कोंबून वर सिमेंट, पोषण आहाराचा तांदूळ घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत, भिंतीपासून हातभर दूर. गावातल्या शाळेत याचा आणखी एक फायदा आहे, कारण उंदरांमागे साप येतो. आत शिरलेल्या उंदरासाठी पिंजरा पुरे. उंदरांसाठी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या शाळेत तर नाहीच, राहत्या इमारतीतही कुणी ठेवू नयेत. ओलाव्यानं त्यातून फॉस्फीन वायू सुटतो, फटींतून शेजारच्या खोलीत जातो, आणि त्या विषावर उतारा नाही. ही गोळी सामान्य माणसाला विकायला आपल्याकडे कायद्यानंच मनाई आहे.

शाळेत आणखी दोन वस्तू डोळ्यांत तेल घालून शोधाव्यात. एक, झुरळांचा खडू. फळ्यावरच्या खडूसारखाच दिसणारा हा कीटकनाशकाचा खडू चिमुरड्याच्या हाती लागला तर ते त्यानं पाटीवर लिहील किंवा तो चाखून बघेल. दुसरी, मुतारीत आणि कपाटात टाकलेली डांबरगोळी. पांढरी, गुळगुळीत, पेपरमिंटसारखी. त्यातलं नॅफ्थलीन पोटात गेलं तर जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या मुलाच्या तांबड्या पेशी फुटू लागतात. ही कमतरता आहे हे घरच्यांना सहसा ठाऊकच नसतं.

डासांच्या बाबतीत धूर फवारणीवर भिस्त ठेवतात, पण धुरानं त्या वेळी उडणारे डासच मरतात. पाण्यातल्या अळ्यांना काही होत नाही. डेंग्यूचा एडिस डास दिवसा चावतो, म्हणजे नेमका शाळेच्या वेळात. त्याची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भांड्याला चिकटतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. जूनमध्ये शाळा उघडताना गच्चीवरची मोडकी बाकं, कुंड्यांच्या ताटल्या, पिंपं यांत पहिल्या पावसाचं पाणी साचलेलं असतं. अंड्यापासून डास व्हायला आठदहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा, आणि पिंप नुसतं उपडं न करता आतून घासायचं.

अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टन इथल्या सरकारी शाळांनी १९९० च्या दशकात इंडियाना विद्यापीठाचे मार्क लेम यांच्या मदतीनं आधी पाहणी आणि मग गरजेपुरतंच औषध, हाच मार्ग धरला. शाळांतला कीटकनाशकांचा वापर सुमारे ९० टक्क्यांनी खाली आला. कॅलिफोर्नियानं २००० साली कायदाच केला: शाळेत फवारणी होणार असेल तर २४ तास आधी फलक लावायचा आणि नंतर ७२ तास तो तसाच ठेवायचा. पुढे पाळणाघरंही त्यात आली.

आपल्याकडे असा कायदा व्हायची वाट पाहायची गरज नाही. शाळा व्यवस्थापन समितीला पुढच्या कंत्राटाची ओळ बदलता येते: महिन्याला एक पाहणी, सापळ्यांची लेखी नोंद, बुजवायच्या फटींची यादी, आणि औषध लागलंच तर कुठलं, कुठे, का, हे आधी लिहून द्यायचं. पैसे या पाहणीचे. यादीतल्या फटी बुजवणं शाळेच्या माणसाचं काम, त्यासाठी एकाचं नाव ठरवून टाकायचं.

औषध शाळेत साठवायचं नाही, हेही त्यात लिहावं. २०१३ साली बिहारच्या सारण जिल्ह्यात माध्यान्ह भोजनातून २३ मुलं दगावली. अन्नाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक होतं. आपल्या शाळेच्या कोठीत, तेलाच्या डब्याशेजारी काय ठेवलंय, हे उद्याच जाऊन बघा. आपल्याकडच्या कीटकनाशकांच्या डब्यावर टोकावर उभा केलेला चौकोन छापलेला असतो. त्याचा खालचा अर्धा भाग लाल असेल तर औषध अतिविषारी. त्याखालोखाल पिवळा, निळा, हिरवा. असा कुठलाही डबा दिसला, अगदी हिरव्या रंगाचा आणि रिकामा असला, तरी तो तिथून हलवा.