सोनेशोध, हौशी (मराठवाडा)

सोनेशोध, हौशी : पोटापाण्यासाठी नव्हे, तर छंद म्हणून नदीची वाळू, पांढरीचे (जुन्या वस्तीच्या मातीचे) टेकाड, किल्ल्याचा उतार किंवा सार्वजनिक उद्यानाची जमीन धुंडाळून सोने वा नाणी शोधणे. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात या छंदासाठी वेगळा परवाना मिळतो आणि ठरावीक उद्यानांत हाताच्या अवजारांनी शोध घेता येतो. भारतीय कायद्याला असा छंद ठाऊक नाही. मराठवाड्यात मिळालेला कण निसर्गाने ठेवलेला की माणसाने, यावर कोणता कायदा लागतो ते ठरते.

भूरचना : विभागाचा बहुतेक भाग सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या काळ्या पाषाणाचा आहे. या खडकात सोन्याच्या शिरा नाहीत. नांदेड जिल्ह्याच्या पूर्वेला, किनवट, बिलोली, देगलूर या पट्ट्यात जुना ग्रॅनाइट उघडा पडतो. मात्र महाराष्ट्रातील सोन्याची नोंदलेली स्थाने, उदा., परसोडी व मरुपार, विदर्भात आहेत. गोदावरीच्या वाळूत तळाला जो काळा जड थर साचतो तो मुख्यतः मॅग्नेटाइट आणि इल्मेनाइट या लोहयुक्त खनिजांचा असतो. चमकणारे पिवळे पापुद्रे बहुधा कुजलेल्या अभ्रकाचे निघतात. सुईच्या टोकाने दाबले की अभ्रक सुटते, माक्षिक (पायराइट) चुरते, सोने मात्र चेपते.

झारेकाम : सराफ्यातील झाडलोट, मुशीची राख आणि गटारातील गाळ धुऊन सोने काढणाऱ्यास झारेकरी म्हणतात, हिंदीत न्यारिया, काही ठिकाणी धूळधोया. ‘झारणे’ हे क्षर् (पाझरणे) या धातूपासून आलेले मानावे की ‘झाडणे’चे रूपांतर समजावे, याबद्दल मतभेद आहेत. दुकानाची झाडण हाच कच्चा माल असल्याने दुसरे मत ओघाने सुचते. तरी कामाचा गाभा पाण्याने गाळून वेगळे करण्याचा असल्याने पहिले मत अधिक पटण्यासारखे आहे. छिद्रांच्या ‘झाऱ्या’शी असलेला संबंधही त्याच बाजूस झुकतो. पैठणच्या गोदापात्रातील जुनी नाणी अभ्यासकांपर्यंत पोहोचण्यात नदीची वाळू धुणाऱ्या या लोकांचा वाटा मोठा आहे. त्यांची नोंद मात्र क्वचितच नावानिशी झाली.

धुण्याची रीत पुढीलप्रमाणे. गाळ रात्रभर भिजवून ढेकळे हाताने फोडतात. ढेकूळ तसेच राहिले तर त्यातला कण मातीबरोबर वाहून जातो. मग दोन-तीन मिलिमीटरच्या चाळणीतून काढून उथळ थाळ अर्धा भरतात, पाण्याखाली धरून गदगदा हलवतात आणि थाळ किंचित कलता करून वरची वाळू थोडीथोडी सोडतात. सोन्याची घनता 19.3, मॅग्नेटाइटची सुमारे 5.2, गारेची (क्वार्ट्झची) 2.65, म्हणून सोने तळाशी बसते. हात किंवा थाळ तेलकट असेल तर बारीक पापुद्रे पाण्यावर तरंगून निसटतात. त्यासाठी थाळ रिठ्याच्या पाण्याने धुवावा. उरलेल्या काळ्या रेतीतले मॅग्नेटाइट कागदात गुंडाळलेल्या चुंबकाने उचलतात. पुढे पारा लावून गोळा तापवण्याची जुनी पद्धत आहे. ती घरात तर मुळीच करू नये : पाऱ्याची वाफ दिसत नाही, वास येत नाही, आणि मेंदू व मूत्रपिंडे कायमची बिघडवते.

खनिज म्हणून : सोने हे (वाळू, मुरूम यांसारखे) गौण खनिज नाही. खाणी व खनिजे (विकास व विनियमन) अधिनियम, 1957 च्या कलम 4 नुसार परवान्याशिवाय शोधकामही करता येत नाही, आणि चिमूटभर सोन्यासाठी वेगळी सूट त्यात नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चे कलम 48 खनिजांवरील हक्क राज्य शासनाकडे ठेवते. नदीतली वाळू उचलणे हा त्याच कलमाखालील स्वतंत्र अपराध आहे.

पुरलेले धन म्हणून : मराठवाड्यात हाच भाग महत्त्वाचा. भारतीय निखात निधी अधिनियम, 1878 हा या बाबतीतला मूळ कायदा. दहा रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडल्यास त्याचे स्वरूप, अंदाजे किंमत, ठिकाण आणि तारीख लेखी कळवून ते कोषागारात जमा करावे किंवा जामीन द्यावा, असे तो सांगतो. जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढतात. दावेदारांसाठीची तारीख चार ते सहा महिन्यांनंतरची असते. धन बेवारस ठरले आणि जागामालकाचा हक्क मान्य झाला, तर वेगळा करार नसल्यास तीन चतुर्थांश शोधणाऱ्यास, उरलेले मालकास. लपवणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावशेष (जतन करावयाची प्राचीन वस्तू) ठरते व त्याला 1972 चा पुरावशेष कायदाही लागतो.

सातवाहनांची नाणी मुख्यतः शिसे, पोटीन (तांब्याची एक मिश्रधातू) व तांब्याची. सोन्याचे म्हणावे असे नाणे देवगिरीच्या यादवांचे पद्मटंक : वाटीसारखे खोलगट, मध्ये कमळ, कडेला राजाचे नाव व अन्य ठसे.

संरक्षित जागा : मराठवाड्यात राष्ट्रीय उद्यान नाही. गौताळा-औट्रमघाट, जायकवाडी, नायगाव मयूर आणि येडशी-रामलिंग या अभयारण्यांत वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 लागतो. त्याच्या कलम 28 मध्ये प्रवेशाची जी कारणे दिली आहेत (अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन इ.) त्यांत सोनेशोध नाही. दौलताबाद किल्ला, वेरूळ, अजिंठा अशा केंद्र-संरक्षित स्थळांत परवानगीविना उत्खनन करता येत नाही, आणि भोवतीच्या 100 मीटरच्या पट्ट्यात खाणकामास मनाई आहे. शहरांच्या बागांना महानगरपालिका वा नगरपरिषदेचे नियम लागतात. हिरवळ उकरणे सार्वजनिक मालमत्तेचे नुकसान ठरते. गुप्तधनासाठी भानामती वा अघोरी विधी करणे 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा असून शिक्षा सहा महिने ते सात वर्षे आहे.

सापडल्यावर : पैठण, तेर, भोकरदन येथे पावसाळ्यानंतर पांढरीवर नाणी व मणी उघडे पडतात. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावातच जमवलेल्या अशा वस्तूंमधून तिथले संग्रहालय उभे राहिले. वस्तू दिसली तर ती न हलवता जागेचे छायाचित्र घ्यावे, शेजारी मोजपट्टी किंवा काडेपेटी ठेवावी, गट क्रमांक लिहून तहसीलदारास कळवावे. पुढे खणू नये. नाणे चिंच, लिंबू किंवा राखेने घासू नये. शिशाच्या नाण्यावरचा पांढुरका थर निघाला की त्याबरोबर राजाच्या नावाची अक्षरेही जातात.