माकुलावरचा उजेड आणि बंद जागेतलं विष

हिवाळा आला की कोकणातल्या एखाद्या किनाऱ्यावरच्या निळ्या लाटांचा व्हिडिओ फिरू लागतो आणि त्याखाली कुणीतरी हमखास लिहितं, ‘समुद्रातले चमकणारे जीवाणू’. ते जीवाणू नसतात. बहुतेक वेळा ती असते नॉक्टिल्युका, जीवाणूपेक्षा शेकडो पटींनी मोठा एकपेशीय जीव. लाट फुटून धक्का बसला की तो क्षणभर चमकतो आणि विझतो. जीवाणूंचा उजेड वेगळा असतो. तो लुकलुकत नाही, तेवत राहतो. आणि तो बघायला समुद्रावर जावं लागत नाही, मासळीबाजारापर्यंत गेलं तरी पुरतं.

गेल्या डिसेंबरात मी दोन ताजी माकुलं (स्क्विड) आणली. लिटरभर पाण्यात तीस ग्रॅम मीठ घालून त्यात ती अर्धवट बुडतील अशी ताटात ठेवली आणि गार जागी झाकून ठेवली. दुसऱ्या रात्री दिवे घालवून दहा-पंधरा मिनिटं नुसता बसून राहिलो. डोळे अंधाराला सरावल्यावर माकुलाच्या पाठीवर आधी दोन-तीन टिंबं दिसली, मग पुरळ उठावं तशी कितीतरी. रंग निळसर हिरवा. ताटातलं पाणीही अंधुक उजळलं होतं. त्यातून बोट फिरवलं, तर बोटामागे एक ठळक रेघ उमटली आणि हळूहळू मावळली.

सगळी गंमत त्या रेघेत आहे. ढवळल्यामुळे पाण्यात हवा मिसळली, जीवाणूंना ऑक्सिजन मिळाला आणि उजेड वाढला. रॉबर्ट बॉइलने हे १६६७ मध्येच ताडलं होतं. चमकणारं कुजकं लाकूड आणि चमकणारे मासे काचेच्या भांड्यात ठेवून त्याने पंपाने हवा काढून घेतली. उजेड मंदावला. हवा परत आत सोडली, उजेड परतला. ऑक्सिजनचा शोध लागायला तेव्हा अजून शंभर वर्षं होती. बंद भांड्यातल्या हवेविषयी उजेडाला विचारलेला हा माझ्या लेखी पहिला प्रश्न.

असा प्रश्न आज दोन ठिकाणी फार निकडीचा आहे, अंतराळयानात आणि पाणबुडीत. तिथे खिडकी उघडता येत नाही. प्लास्टिक, रंग, गोंद, वायरींवरची वेष्टनं यांतून सतत वाफा सुटत असतात. माणसाच्या शरीरातून अ‍ॅसिटोन, अमोनिया, थोडा कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. घरात हे सगळं वाऱ्यावर जातं, बंद डब्यात ते साचत राहतं.

साचलेलं शोधायला यंत्रं आहेतच. पण यंत्र आपण विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतं. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर आर्द्रता आणि मूत्र शुद्ध करून पिण्याचं पाणी मिळवतात. २०१० मध्ये या पाण्यातल्या एकूण सेंद्रिय कार्बनचा आकडा चढू लागला. यंत्र कार्बन किती ते सांगत होतं. तो कोणत्या पदार्थातला, आणि त्याने अपाय होईल का, हे त्याला विचारलेलंच नव्हतं. नमुने पृथ्वीवर आणून तपासले तेव्हा उलगडा झाला, डायमिथाइलसिलेनडायॉल. प्रसाधनं आणि तत्सम वस्तूंमधले सिलिकॉनचे पदार्थ हवेत उडतात, त्यांच्यापासून ते तयार होऊन पाण्यात उतरत होतं. सुदैवाने ते फारसं विषारी नव्हतं.

‘इथे जगता येईल का?’ हा प्रश्न थेट विचारायचा तर उत्तर द्यायला जिवंत काहीतरी हवं. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेनने १८९० च्या दशकात कोळशाच्या खाणींसाठी लहान प्राण्यांचा मार्ग सुचवला आणि ब्रिटिश खाणींत कॅनरी पक्षी १९८६ पर्यंत होते. चमकणारा जीवाणू तेच काम करतो, फक्त मरून पडण्याऐवजी तो मंदावतो, आणि किती मंदावला ते मोजता येतं.

तो का मंदावतो, ते आता नीट बघू. अ‍ॅलिव्हिब्रिओ फिशेरी हा या कुळातला सर्वांत अभ्यासलेला जीवाणू. पेशी अन्न मोडते तेव्हा इलेक्ट्रॉन मोकळे होतात. बहुतेक इलेक्ट्रॉन श्वसनाच्या साखळीतून जातात आणि त्यांतून पेशीला ऊर्जा मिळते. या जीवाणूत काही इलेक्ट्रॉन वाट बदलून एफएमएन या रेणूवर येऊन बसतात. एफएमएन म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचंच एक रूप, फ्लेविन गटातला रेणू. इलेक्ट्रॉन घेतलेला हा रेणू ल्युसिफरेज नावाचं एन्झाइम आपल्या खोबणीत धरतं आणि त्याला ऑक्सिजन जोडतं. तयार होतो फ्लेविनचा पेरॉक्साइड. हा एरवी लगेच मोडला असता, पण खोबणीत तो टिकून राहतो. इतका, की हार्वर्डच्या वुडलंड हेस्टिंग्ज यांनी थंड करून तो वेगळा काढून दाखवला. मग चौदा कार्बनची शेपटी असलेला एक अल्डिहाइड येऊन त्याला भिडतो, ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध तुटतो आणि सुटलेली ऊर्जा उष्णतेत न जाता फ्लेविनला उत्तेजित करते. फ्लेविन शांत होताना सुमारे ४९० नॅनोमीटरचा प्रकाश फेकतो. एका फेरीला काही सेकंद लागतात, एन्झाइमांच्या जगात ही गोगलगाईची चाल. अल्डिहाइडचं मेदाम्ल होतं आणि त्याचा पुन्हा अल्डिहाइड करायला पेशी आणखी ऊर्जा खर्च करते.

वाचताना दमछाक झाली असेल, तर एवढंच धरून ठेवा. उजेड पडायला अन्न, इलेक्ट्रॉन, ऊर्जा, ऑक्सिजन, धड एन्झाइम आणि धड पेशीपटल, सगळंच लागतं. पारा एन्झाइमांच्या गंधकाच्या टोकांना चिकटतो, उजेड उतरतो. फिनॉल पेशीपटल बिघडवतो, उजेड उतरतो. क्लोरोफॉर्म, ईथर यांसारखी भुलीची द्रव्यंही हा उजेड मंद करतात, आणि साधारणपणे जे द्रव्य माणसाला कमी मात्रेत भूल देतं तेच इथेही कमी मात्रेत परिणाम करतं. कोणतं विष आहे हे ठाऊक नसतानाही विष आहे एवढं कळतं.

१९७० च्या दशकाच्या अखेरीस यातून मायक्रोटॉक्स ही चाचणी घडली. गोठवून वाळवलेले जीवाणू पाण्यात जागे करायचे, १५ अंश सेल्सिअसला नमुन्यात मिसळायचे, पाच, पंधरा आणि तीस मिनिटांनी उजेड मोजायचा. शेजारी स्वच्छ पाण्याची कुपी ठेवावीच लागते, कारण उजेड आपणहूनही थोडा उतरत असतो.

इथेच या पद्धतीची मोठी अडचण दिसते. दिवा विझला म्हणजे विषच होतं असं नाही. जीवाणू उपाशी असेल, गारठला असेल, म्हातारा झाला असेल. आणि खोटी घंटा बंद जागेत महाग पडते. १४ जानेवारी २०१५ ला अंतराळस्थानकावर अमोनिया गळतीचा इशारा झाला आणि सहाही जणांनी रशियन भागात जाऊन मधलं दार लावून घेतलं. गळती नव्हतीच, संगणकाचं एक कार्ड बिघडलं होतं.

म्हणून उलटा दिवा, विष आलं की पेटणारा. फिशेरीचं नैसर्गिक बटण गर्दीचं असतं. प्रत्येक पेशी एक छोटा रेणू बाहेर सोडते, गर्दी वाढली की तो साचतो आणि ठरावीक पातळीनंतर दिव्याची जनुकं चालू होतात. टेनेसी विद्यापीठाच्या गॅरी सेलर यांच्या गटाने दिवा तोच ठेवला आणि बटण बदललं. त्यांनी नॅफ्थॅलिन खाणारा जमिनीतला जीवाणू घेतला. नॅफ्थॅलिन म्हणजे आपल्या आजीच्या कपाटातली डांबरगोळी, कपाटाचं दार उघडताच नाकात जाणारा तो वास. हा जीवाणू नॅफ्थॅलिन पचवताना सॅलिसिलेट तयार करतो, सॅलिसिलेट एका प्रथिनाला चिकटतं आणि ते प्रथिन पचनाची जनुकं चालू करतं. त्याच जनुकांच्या रांगेत दिव्याची जनुकं घुसवली. डांबरगोळी आली की पचन सुरू आणि दिवाही सुरू. हे १९९० मध्ये प्रसिद्ध झालं आणि १९९६ मध्ये टेनेसीतल्याच ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत हे जीवाणू परवानगीने मातीत सोडून तपासले गेले.

पुढे ओक रिजच्या मायकेल सिम्पसन यांच्यासह याच गटाने असे जीवाणू थेट सिलिकॉनच्या चिपवर बसवले. चिप काही मिलिमीटरची, तिच्यात उजेड टिपणारा डायोड आणि त्याचं मोजमाप करणारं सर्किट. यानातल्या हवेसाठी ‘नासा’ला याचं आकर्षण वाटलं ते वजन आणि वीज दोन्ही नगण्य लागत असल्यामुळे.

पण उलट्या दिव्याचीही मर्यादा आहे. विष फार जहाल असेल तर पेटण्याआधीच जीवाणू मरतो आणि अंधाराचा अर्थ ‘सगळं ठीक’ असा लागतो. त्यामुळे दोन्ही दिवे शेजारी हवेत, एक कायम तेवणारा आणि एक पेटणारा. पहिला तेवतोय आणि दुसरा बंद आहे, तरच निर्धास्त व्हायचं.

‘नासा’ आणि बंद हवा म्हटलं की हवा शुद्ध करणाऱ्या कुंड्यांच्या जाहिराती आठवतातच. झाडं हवेतले विषारी वायू शोषतात असं सांगणारा ‘नासा’चा १९८९ चा अभ्यास खरा होता, पण झाडं लहानशा बंद पेट्यांत ठेवलेली होती. २०१९ मध्ये अशा प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला. इमारतीत एरवी जेवढी हवा बदलते तेवढं काम झाडांकडून हवं असेल, तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. स्नेक प्लांट शोभेसाठी जरूर ठेवा, पण गॅसचा वास आला तर खिडकीच उघडा.

जीवाणूंबद्दलही अशीच हवा तयार व्हायला नको. त्यांना उत्तर द्यायला कित्येक मिनिटं लागतात, आग लागली तर धुराचं यंत्रच आधी ओरडेल. थोड्याशा विषाने काही वेळा उजेड उलट वाढतो. गगनयानात तिघांना तीन दिवस ४०० किलोमीटरवर ठेवायचं आहे, तेवढ्यासाठी हा खटाटोप नको. मंगळाच्या वाटेवर गोष्ट वेगळी, तिथून नमुने पृथ्वीवर पाठवता येत नाहीत. पण तिथवर जीवाणू टिकवायचे कसे? मायक्रोटॉक्सचे वाळवलेले जीवाणू उणे वीस अंशांवर ठेवावे लागतात. शिवाय फिशेरीचं ल्युसिफरेज तीस अंशांपुढे डळमळतं, म्हणून उबदार जागेसाठी फोटोऱ्हॅब्डस या जमिनीवरच्या जीवाणूचं, शरीराच्या तापमानालाही टिकणारं एन्झाइम घ्यावं लागतं. दिवा बदलता येतो, बटण बदलता येतं. वाळवलेल्या पेशीला वर्ष-दीड वर्षाने, फ्रीजरशिवाय, शाबूत जागं करणं हे अजून बाकी आहे.