अर्ध्या मिलिमीटरचं भांडण

१९ फेब्रुवारी २००८ रोजी तोशिबाने टोकियोत जाहीर केलं, की एचडी डीव्हीडीचा, म्हणजे डीव्हीडीपेक्षा स्पष्ट चित्राचा सिनेमा मावणाऱ्या डिस्कचा, धंदा आम्ही बंद करतोय. सोनीच्या बाजूच्या ब्लू-रे या तशाच दुसऱ्या डिस्कपुढे त्यांनी हात टेकले. पहिला एचडी डीव्हीडी प्लेअर जपानमध्ये विक्रीला आला होता ३१ मार्च २००६ ला, म्हणजे सगळा संसार पुरती दोन वर्षंही टिकला नाही.

त्या काळात जळगाव-धुळ्याच्या बसस्टँडबाहेरच्या गाड्यांवर या दोघींपैकी एकही डिस्क दिसत नव्हती. तिथे दिसायच्या पातळ प्लॅस्टिकच्या पाकिटातल्या व्हीसीडी, म्हणजे चित्र भरलेल्या सीडी. अहिराणी गाणी, कीर्तनं, आणि दोन-तीन डिस्कमध्ये कसेबसे बसवलेले हिंदी सिनेमे. ब्लू-रेचं भांडण आपल्या दारापर्यंत आलंच नाही. तरी ते समजून घ्यायला मजा येते, कारण त्याच्या मुळाशी अर्धा मिलिमीटर प्लॅस्टिक आहे.

कारखान्यात छापलेल्या कुठल्याही डिस्कच्या आत सूक्ष्म खळग्यांची एक लांबलचक गोल गोल फिरत जाणारी रांग असते. लेसरचा ठिपका त्या रांगेवरून फिरतो आणि परत येणाऱ्या उजेडाच्या चढउतारावरून माहिती वाचतो. ठिपका जितका बारीक, तितके खळगे बारीक करता येतात आणि डिस्कमध्ये जास्त मावतं. ठिपक्याचा आकार दोनच गोष्टींवर ठरतो : उजेडाची तरंगलांबी आणि भिंगाची उजेड एकवटायची ताकद. या ताकदीला 'एनए' म्हणतात. तरंगलांबीला एनएच्या दुपटीने भागलं, की ठिपक्याचा साधारण आकार मिळतो.

डीव्हीडीचा लेसर लाल, ६५० नॅनोमीटरचा. एनए ०.६. ठिपका साधारण ५४० नॅनोमीटर. यापेक्षा बारीक ठिपका हवा तर निळा-जांभळा लेसर हवा, आणि तो कित्येक वर्षं कुणाला जमत नव्हता. गॅलियम नायट्राइडचे चांगले स्फटिक वाढवणं हेच महाकठीण काम होतं. जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये झगझगीत निळा एलईडी आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत निळा-जांभळा लेसरही करून दाखवला. (निळ्या एलईडीसाठी २०१४ चं भौतिकीचं नोबेल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना विभागून मिळालं.) दोन्ही गटांनी तोच ४०५ नॅनोमीटरचा लेसर घेतला. फरक पडला तो भिंगात.

तोशिबाने एनए ठेवला ०.६५, ब्लू-रेवाल्यांनी ०.८५. आता भागाकार करून बघा. एचडी डीव्हीडीचा ठिपका येतो ३१२ नॅनोमीटर, ब्लू-रेचा २३८. क्षेत्रफळाच्या हिशेबाने डीव्हीडीच्या ठिपक्यापेक्षा पहिला तिपटीने लहान, दुसरा पाचपटीहून थोडा जास्त लहान. डीव्हीडीच्या एका थरात ४.७ जीबी मावतात. त्याला तीनने आणि पाचने गुणलं तर चौदा आणि साडेतेवीसच्या आसपास उत्तर येतं. प्रत्यक्षातले आकडे १५ आणि २५. दोन कंपन्यांमधली एवढी मोठी झुंज आठवीतल्या गणितात बसते, हे मला अजून गमतीचं वाटतं.

मग तोशिबाने ताकदवान भिंग का घेतलं नाही? कारण एनए वाढला, की डिस्क किंचित तिरकी झाली तरी ठिपका फिसकटतो, आणि हा दोष एनएच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. त्यावर उपाय एकच : उजेडाला कमीत कमी प्लॅस्टिकमधून जाऊ द्यायचं. म्हणून ब्लू-रेमध्ये खळगे पृष्ठभागाखाली फक्त ०.१ मिलिमीटरवर आले. एचडी डीव्हीडीने डीव्हीडीचंच ०.६ ठेवलं. डीव्हीडीच्या कारखान्यांतली यंत्रं थोड्याफार फरकाने तशीच वापरता येणार होती, हा त्यांचा मोठा मुद्दा होता. ब्लू-रेसाठी नवी यंत्रं लागणार होती.

शिवाय धूळ. लेसरचा झोत नरसाळ्यासारखा निमुळता होत खळग्यांपर्यंत जातो. सीडीच्या पृष्ठभागावर त्याची रुंदी पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे धुळीचा कण त्यात हरवून जातो. ब्लू-रेच्या पृष्ठभागावर ती रुंदी जेमतेम ०.१३ मिलिमीटर. म्हणजे मे महिन्यात आपल्याकडे जी धूळ घराघरात शिरते, तिच्यातला एखादा जाडसर कणसुद्धा वाट अडवू शकतो. सुरुवातीच्या ब्लू-रे डिस्क या भीतीने डबीत बंद करून विकल्या जात. टीडीके कंपनीने ओरखडे न पडणारा कडक लेप काढला, तेव्हा ती डबी गेली. माझ्या मते इंजिनिअर म्हणून तोशिबाचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ते सावध होते, समोरच्याने जुगार खेळला आणि तो लागला.

निकाल मात्र दुकानात लागला. सोनीने प्लेस्टेशन ३ या आपल्या गेम खेळायच्या यंत्रात ब्लू-रे आतच बसवून दिली. ४ जानेवारी २००८ ला वॉर्नर स्टुडिओने आपण यापुढे फक्त ब्लू-रेवर सिनेमे काढणार म्हणून सांगितलं, पाठोपाठ अमेरिकेतली वॉलमार्ट ही दुकानांची साखळीही त्याच बाजूला गेली. दीड महिन्यात खेळ खलास.

आणि खान्देश? इथे १९९३ ची व्हीसीडी राज्य करत होती. चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं, ब्लू-रेच्या विसाव्या हिश्शाचं. प्रत्येक चित्राचे ३९६ चौकोन पाडायचे आणि पुढच्या चित्रात जेवढं बदललं तेवढंच लिहायचं, ही तिची युक्ती. मधली थोडी माहिती वाचता आली नाही, की जुने चौकोन पडद्यावर तसेच चिकटून राहायचे. नायकाचं तोंड हिरव्या चौकोनांत गेलं, की गल्लीत ओरडा : "अडकनी रे भो!" मग कुणीतरी उठून डिस्क काढायचा आणि सदऱ्याच्या टोकाने गोल गोल पुसायचा. नेमकं तेच करू नये. सीडीतली दुरुस्तीची व्यवस्था रांगेवरचा सुमारे अडीच मिलिमीटरचा घाव भरून काढते. आडवा ओरखडा तिला चालतो, रांगेच्या दिशेने गेलेला लांब ओरखडा नाही. त्यात व्हीसीडीने कॉम्प्युटरच्या सीडीवरचा दुरुस्तीचा जादा थर काढून ती जागाही चित्राला दिलेली. पुसायचं ते मधून कडेकडे, सरळ.

एवढं करूनही ती टिकली, कारण ती कुणालाही बनवता येत होती. कॉम्प्युटर, डिस्कवर लिहिणारा एक रायटर, कोऱ्या डिस्कची चळत, बस. अखजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) गाण्यांचा अल्बम तालुक्याच्या गावीच तयार होऊन सारंगखेड्याच्या यात्रेत विकता यायचा. सिनेमा ब्लू-रेवर छापायचा तर एएसीएस नावाचं डिजिटल कुलूप सक्तीचं, त्याची फी वेगळी. अहिराणी गायकाला तो खर्च कुठून झेपणार? पुढे मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डात गाणी भरून मिळू लागली आणि व्हीसीडीच्या गाड्याही उठल्या.

घरोघरी उरल्यात त्या लग्नाच्या व्हीसीडी. त्या बहुतेक छापलेल्या नाहीत, रायटरवर लेसरने लिहिलेल्या आहेत. त्यांत खळगे नसतात, रंगद्रव्याचा थर असतो आणि तो उन्हात फिका पडत जातो. चांदीसारखा थरही लेबलच्या बाजूला, नुसत्या लाखेच्या आवरणाखाली. म्हणून लेबलवर बॉलपेनने नाव लिहिणं हे खालच्या बाजूच्या ओरखड्यापेक्षा जास्त घातक. डिस्क अजून चालत असेल तर यूएसबीला जोडायचा सीडी ड्राइव्ह मागून आणा आणि 'एमपीईजीएव्ही' नावाच्या फोल्डरमधली 'डीएटी' फाइल कॉम्प्युटरवर उतरवून घ्या. व्हीएलसी प्लेअरमध्ये ती तशीच चालते. कॉपी मध्येच अडकली तर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून बघा. एकाला न वाचता येणारी डिस्क दुसरा पुष्कळदा वाचतो.