पहिल्या खेपेचं पोस्टर की पुन्हा लागलेल्या सिनेमाचं? मंदीत घेताना काय पाहावं

जुन्या हिंदी सिनेमाचं पोस्टर दाखवून विक्रेता ‘ओरिजिनल आहे’ म्हणतो, तेव्हा तो खोटंच बोलतो असं नाही. पण ओरिजिनलमध्ये दोन प्रकार येतात. एक, सिनेमा पहिल्यांदा लागला तेव्हा छापलेलं, म्हणजे पहिली खेप. दुसरं, तोच सिनेमा काही वर्षांनी पुन्हा लावताना वितरकाने नव्याने छापून घेतलेलं, म्हणजे दुसरी खेप. दोन्ही छापखान्याच्या ऑफसेट यंत्रावर छापलेली, दोन्ही थिएटरसाठीच, दोन्हींवर घड्या आणि पिवळेपणा. आजकालची डिजिटल नक्कल हा तिसरा प्रकार, तो ओळखणं त्या मानाने सोपं.

तेजीत या दोन प्रकारांतला फरक झाकला जातो. गोव्यातला कॅफेवाला किंवा भाड्याचा व्हिला सजवणारा भिंत भरायला पोस्टर घेतो, खेप विचारत नाही. पर्यटन मंदावलं की हे गिऱ्हाईक आधी गायब होतं. मग उरतो संग्राहक, आणि त्याला पहिली खेपच हवी असते. त्यामुळे दुसऱ्या खेपेचा भाव खरोखर उतरतो. पहिल्या खेपेचा भाव कागदावर तसाच राहतो, फक्त सौदा होत नाही, कारण ज्याला पैशांची निकड नाही तो माल बाहेरच काढत नाही. स्वस्तात मिळतं ते नडलेल्याकडूनच. म्हणून मंदीत सवलतीपेक्षा ओळख महत्त्वाची.

ओळख लागते ती पोस्टरच्या खालच्या कडेला, छापखान्याच्या बारीक ओळीत. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल, तर ते १५ ऑगस्ट १९७२ नंतरचं. त्याआधी मुंबईचा पत्ता नुसता ‘बॉम्बे-४’ असा असे. म्हणजे १९६० च्या सिनेमाच्या पोस्टरवर ‘४०० ००४’ दिसलं की विषय संपला. उलट मात्र धरू नका: पिनकोड नाही म्हणजे जुनंच, असं नसतं. कित्येक छापखाने जुना पत्ता पुढेही वर्षानुवर्षं छापत राहिले. तसंच सेन्सॉरच्या ‘यूए’ प्रमाणपत्राचं. ते १९८३ पासूनचं, त्यामुळे सत्तरच्या दशकातल्या सिनेमावर ते दिसलं तर पोस्टर नंतरचं. १९६० चा ‘मुघल-ए-आझम’ २००४ मध्ये रंगीत करून पुन्हा लागला. ती पोस्टरंही वितरकाचीच, पण पहिल्या खेपेची नव्हेत.

नक्कल ओळखायला दहापट भिंग पुरतं. ऑफसेटवर रंगांचे ठिपके ओळीने बसून बारीक फुलं दिसतात. इंकजेटवर फवारल्यासारखे विखुरलेले. पण जुन्या पोस्टरचा फोटो काढून पुन्हा ऑफसेटवर छापलं, तर ठिपक्यांवर ठिपके चढतात आणि बारीक अक्षरांच्या कडा फुगीर होतात. मापही बघा. मोठं पोस्टर साधारण ३० × ४० इंच, लहान २० × ३० इंच. ए-थ्री किंवा ए-टू मापात ‘जुनं’ मिळालं तर पैसे खिशातच ठेवा.

गोव्यात आणखी एक भानगड, दमट हवा. पावसाळ्यात काचेला टेकून बसलेला कागद काचेलाच चिकटतो, बुरशी धरतो आणि कसर लागते ती वेगळीच. म्हणून फ्रेममध्ये काच आणि कागद यांच्यामध्ये पट्टी किंवा माउंट (जाड पुठ्ठ्याची चौकट) हवाच, आणि मागे आम्लरहित बोर्ड. बाहेरच्या, ओल धरणाऱ्या भिंतीवर लावू नये. सेलोटेप, लॅमिनेशन आणि घडी मोडायला इस्त्री, या तिन्हींनी पहिल्या खेपेचं पोस्टरही दुसऱ्या खेपेच्या भावाला येतं. टेपचा डिंक कागदात मुरून तपकिरी डाग पडतो, आणि लॅमिनेशन सोलताना शाई निघून येते. फाटलं असेल तर गव्हाच्या खळीने कापडावर बसवून घ्यावं, ते पुढे पाण्याने सोडवता येतं.

दुरून घेत असाल तर आधी चार फोटो मागवा: पूर्ण पोस्टर, खालची ओळ जवळून, मागची बाजू आणि घडीचं एक टोक. मागची बाजू दाखवायला टाळाटाळ झाली तर टेप किंवा पांढरा कागद चिकटवलेला असणार, असं धरूनच भाव सांगा.