गळक्या छपरावरची ताडपत्री आणि वाऱ्याचे गणित

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ ताशी 100 किलोमीटरहून अधिक वेगाचे वारे घेऊन रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धनपासून दापोलीपर्यंत असंख्य घरांची कौले फुटली, पत्रे उडाले. मोसमी पाऊस अवघ्या काही दिवसांवर होता. नवी कौले मिळून छप्पर शाकारले जाईपर्यंत अनेक कुटुंबांना ताडपत्रीचाच आधार होता.

ताडपत्री घालताना बहुतेकांचे लक्ष पाण्याकडे असते. खरी झुंज मात्र वाऱ्याशी असते. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 60 किलोमीटरचा वारा एका चौरस मीटरवर साधारण 17 किलो वजनाइतका जोर देऊ शकतो आणि वेग दुप्पट झाला की तो जोर चौपट होतो. आढ्यावरून वाहणारा वारा पलीकडच्या पाख्यावर कमी दाबाचा पट्टा निर्माण करतो, त्यामुळे आच्छादन वरच्या दिशेने ओढले जाते. पाच मीटर लांब व चार मीटर रुंद ताडपत्रीचे वजन जेमतेम चार-पाच किलो असते, तर त्याच वाऱ्यात तिच्यावरची ओढ 300 किलोच्या घरात जाऊ शकते. कौलांच्या फटींतून हवा खेळत असल्याने आतला आणि बाहेरचा दाब काही प्रमाणात जुळतो. ताडपत्रीतून हवा जात नाही, म्हणून दाबातला फरक तिलाच सोसावा लागतो. चार दगड ठेवून ती टिकत नाही ती यामुळेच, शिवाय घरंगळणारा दगड खालच्या माणसाच्या जिवावर बेततो.

कोपऱ्यांतल्या कड्यांना दोरी बांधली की सगळा ताण त्या चार बिंदूंवर एकवटतो आणि कापड तिथूनच फाटू लागते. त्याऐवजी ताडपत्रीची कड बांबूला दोन-तीन वेढे देऊन गुंडाळावी व तो बांबू वळचणीखालून वाशांना बांधावा, म्हणजे ताण पूर्ण लांबीवर पसरतो. वरून मीटरभर अंतराने आडव्या-उभ्या दोऱ्या घेतल्यास कापड फडफडत नाही. हे फार महत्त्वाचे आहे, कारण सतत फडफडणारे कापड वारंवार दुमडून एकाच रेषेत झिजते. खिळे ठोकू नयेत. प्रत्येक खिळा म्हणजे गळतीला नवी वाट.

आता पाण्याकडे वळू. खोलीत थेंब पडतो त्याच्या नेमके वर भोक असतेच असे नाही. लाकडाला चिकटून राहण्याच्या गुणामुळे पाणी रिपेच्या किंवा वाशाच्या खालच्या अंगाने उताराकडे सरकते आणि एखाद्या गाठीपाशी किंवा सांध्यापाशी ठिबकते. गळतीचा उगम बहुधा त्याच्या वरच्या बाजूला सापडतो. म्हणून ताडपत्री भोकापुरती न ठेवता आढ्यावरून पलीकडच्या पाख्यावर हात-दोन हात उतरवावी. वरची कड आढ्याखालीच संपली, तर वरून येणारे पाणी सरळ तिच्याखाली शिरते. दोन ताडपत्र्या जोडायच्या असतील, तर वरची खालचीवर यावी. कौलांचीही रचना हीच असते. कुठेही खळगा राहू देऊ नये, कारण एका चौरस मीटरवर एक सेंटिमीटर पाणी साचले तरी ते 10 किलो भरते, कापड आणखी खाली जाते आणि आणखी पाणी साचते.

हे काम उघडीप पाहून, दोघांनी मिळून करावे. ओल्या कौलांवर पाय निसटतो आणि जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर उभे राहिल्यास तो अचानक तुटतो. अशा पत्र्यावर भार थेट न देता खालच्या आधारांवर टेकलेल्या फळीवरूनच वावरावे. विजेची तार जवळून जात असेल, तर आधी पुरवठा बंद करून घ्यावा.

बाजारातील बहुतेक प्लॅस्टिकच्या ताडपत्र्या पॉलिथिनच्या पट्ट्या विणून, वर त्याचाच पातळ थर देऊन बनवतात. उन्हातील अतिनील किरणांमुळे आणि हवेतील प्राणवायूमुळे त्यातील लांब रेणुसाखळ्या तुटत जातात. दुमडल्यावर वरचा थर सोलून भुकटी पडू लागली, की ती ताडपत्री पुढच्या पावसाळ्यासाठी ठेवू नये.